डॉक्टरांचा पहिला कॅमेरा

छंद म्हणून छायाचित्रण सुरू करावयाचे आहे, तर कोणता कॅमेरा घ्यावा, हा प्रश्न आपल्या मंडळाच्या स्नेहमेळाव्यांत कुणी ना कुणी विचारतोच. विचारणारे बहुधा पन्नाशीच्या आसपासचे असतात. मुले शिक्षणासाठी बाहेरगावी गेलेली असतात, दवाखाना बऱ्यापैकी स्थिरावलेला असतो आणि रविवारची सकाळ अनेक वर्षांनी मोकळी दिसू लागलेली असते. हौशी छायाचित्रकार म्हणून गेली वीसएक वर्षे मी कॅमेरा बाळगून असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येतो आणि मी जे उत्तर देतो ते पुष्कळांना रुचत नाही. संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेखाची आज्ञा केली, तेव्हा ते उत्तर कारणांसह एकदा लिहून काढावे असे वाटले.

उत्तर थोडक्यात असे : पहिला कॅमेरा वापरलेला, हलका आणि साधा डीएसएलआर असावा, त्याला झूम न होणारी, म्हणजे प्राइम, अशी एकच लेन्स असावी, आणि त्यानंतर वर्षभर दुसरे काहीही विकत घेऊ नये.

हे उत्तर डॉक्टरांना का रुचत नाही, याचे कारण आपल्या व्यवसायातच आहे. दवाखान्यासाठी उपकरण घेताना आपण उत्तमातले उत्तम पाहतो आणि ते योग्यच आहे. नवजात अर्भकाच्या श्वासाचा प्रश्न असताना व्हेंटिलेटरच्या किमतीत काटकसर करण्याचा विचारही कुणी करणार नाही. तेथे हित रुग्णाचे असते आणि यंत्र जितके सरस तितके ते हित अधिक साधते. हीच सवय घेऊन आपण कॅमेऱ्याच्या दुकानात जातो. दुकानदारही आपल्याला ओळखून असतो. मोठ्या सेन्सरची बॉडी, दोन भारी झूम लेन्स, ट्रायपॉड, पाठीवरची पिशवी अशी सामग्री घरी येते. एक सहल सापुताऱ्याला होते, दुसरी काश्मीरला. पुढे ओपीडी, लग्नसराई, परिषदा यांत दिवस जातात, कॅमेरा कपाटात विसावतो आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर लेन्सच्या आत बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसू लागतात. अशी कपाटे मी सुरतेत एकाहून अधिक घरांत पाहिली आहेत.

छंदाचे गणित दवाखान्याच्या गणिताहून निराळे आहे. येथे यंत्राने आपल्या वतीने काम उरकून टाकले तर शिकणाऱ्याचे नुकसान होते. पन्नाशीतला डॉक्टर पंचवीस वर्षे सल्ला देत आलेला असतो. आपल्याला न येणारी एखादी गोष्ट पहिल्या धड्यापासून शिकण्याचा योग त्याच्या वाट्याला क्वचितच येतो. छायाचित्रण हा योग देऊ शकते, मात्र महागड्या सामग्रीने ती संधी विकत घेता येत नाही; बऱ्याचदा तिच्यामुळेच ती हुकते.

डॉक्टर आणि कॅमेरा यांचा संबंध आपल्याकडे नवा नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. तिच्या सुरुवातीच्या भारतीय सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्या काळातील नामांकित छायाचित्रकार होते. दोघेही ग्रँट मेडिकल कॉलेजातून बाहेर पडलेल्या आरंभीच्या पिढीतले. १८५१ साली जाहीर झालेली ओल्या कोलोडियनची पद्धत त्याच दशकात प्रचारात येत होती. तिच्यात काचेवर रसायनांचा थर द्यावयाचा, तो ओला असतानाच चित्र घ्यावयाचे आणि वाळण्यापूर्वी ते प्रकट करावयाचे, असा सारा खटाटोप असे. अशा पद्धतीत बटण दाबण्याआधी माणूस दहा वेळा विचार करतो.

दुसरे उदाहरण दादासाहेब फाळके यांचे. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेल्या आणि गोध्र्यास काही काळ फोटो स्टुडिओ चालविलेल्या या माणसाने विम्याची पॉलिसी गहाण ठेवून १९१२ साली लंडन गाठले आणि विल्यमसन कॅमेरा घेऊन ते परतले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी या कॅमेऱ्याने काय टिपले असेल? कुंडीत पेरलेला वाटाणा उगवून त्याचा वेल कसा होतो, एवढेच. रोज थोडी थोडी चित्रे घेऊन तयार केलेली ती छोटी फिल्म ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखली जाते. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली त्यानंतर आला. कॅमेरा घेतल्यावर कोठे जावे, असे विचारणाऱ्यांना मी ही कुंडी आठवून देतो.

आता मूळ विषयाकडे वळू. डीएसएलआर म्हणजे डिजिटल सिंगल लेन्स रिफ्लेक्स. लेन्समधून आलेला प्रकाश आत तिरक्या बसविलेल्या आरशावर पडतो आणि तेथून प्रिझम अथवा आरशांच्या रचनेतून आपल्या डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबताच आरसा वर उचलला जातो, शटर उघडते आणि तोच प्रकाश सेन्सरवर उतरतो. २००३ साली कॅननचा ईओएस ३०० डी अमेरिकेत हजार डॉलरांच्या आत आला, पुढल्या वर्षी निकॉनचा डी ७० आला आणि हा कॅमेरा हौशी माणसाच्या आवाक्यात आला. २००८ साली पॅनासॉनिकने आरसा काढून टाकलेला, लेन्स बदलता येणारा जी १ हा कॅमेरा आणला. २०१८ साली निकॉन व कॅनन या दोन्ही कंपन्यांनी मोठ्या सेन्सरच्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या नव्या मालिका सुरू केल्या. २०२१ साली सोनीने डीएसएलआरची विक्री थांबविली. निकॉनचा डी ६ आणि कॅननचा वन डी एक्स मार्क थ्री हे २०२० सालचे. त्यांच्यानंतर या कंपन्यांनी त्या दर्जाचा नवा डीएसएलआर आणलेला नाही.

मग कालबाह्य होत चाललेली वस्तू घ्या असे कसे सांगता, असा आक्षेप येतो. तो रास्त आहे आणि त्याला अर्धे उत्तर मान्य करूनच द्यावे लागते. ज्यांना नवी कोरी वस्तूच हवी आहे, ज्यांचा मुख्य विषय घरभर धावणारे नातवंड आहे, किंवा ज्यांना चलच्चित्रणही करावयाचे आहे, त्यांनी लहानसा मिररलेस घ्यावा. धावत्या मुलाच्या डोळ्यावर फोकस धरून ठेवण्यात तो निःसंशय सरस आहे. परंतु शिकणाऱ्यासाठी जुन्या डीएसएलआरचे तीन फायदे आहेत. एक, बाजार मिररलेसकडे वळल्यामुळे चांगले डीएसएलआर आणि त्यांच्या लेन्स स्वस्तात मिळतात. दोन, बॅटरी फार काळ टिकते. २०१८ च्या निकॉन डी ३५०० ला एका चार्जमध्ये सुमारे १५५० छायाचित्रांची क्षमता कंपनीने दिली आहे. तीन, दर्शकातून दिसते ते प्रत्यक्ष दृश्य असते. छायाचित्र कसे येईल हे आधी दिसत नाही, ते आपल्याला मनाशी ठरवावे लागते. तपासणीपूर्वी निदानाचा अंदाज बांधण्याची जी सवय आपल्या गुरुजनांनी लावली, तिच्याशी याचे साम्य आहे.

मोबाइल असताना कॅमेरा कशाला, हाही प्रश्न असतोच. मोबाइल आज उत्तम चित्रे देतो आणि नोंदीसाठी तोच सोयीचा आहे. मात्र उजेड किती घ्यावा, किती वेळ घ्यावा, काय स्पष्ट ठेवावे आणि काय धूसर, हे बहुतेक निर्णय तो स्वतःच घेतो. ज्याला ते निर्णय शिकावयाचे आहेत त्याच्यासाठी कॅमेरा आहे.

निवडीतील पहिला निकष वजनाचा असावा. डी ३५०० चे वजन बॅटरी आणि कार्डासह ४१५ ग्रॅम आहे. त्याच कंपनीच्या डी ८५० चे एक किलोच्या थोडे वर. मोठ्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, लहानाचा साधारण २३.५ बाय १५.५ चा, म्हणजे क्षेत्रफळात सव्वादोनपटींहून थोडा अधिक फरक. अंधुक उजेडात तो जाणवतो हे खरे. पण व्हिजिटला निघताना गाडीत सहज टाकता येईल तो कॅमेरा वर्षात शंभर वेळा हाती येतो आणि जो काढताना पाठ आठवते तो चार वेळा.

दुसरा निकष लेन्सचा आणि पैसे जेथे घालावयाचे ते येथेच. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या १८-५५ झूमचे अॅपर्चर लांबच्या टोकाला एफ ५.६ पर्यंतच उघडते. एफ १.८ ची प्राइम लेन्स त्याच्या सुमारे साडेनऊपट प्रकाश आत घेते. अॅपर्चर म्हणजे डोळ्याची बाहुलीच : मोठी झाली की उजेड अधिक आणि मागचे दृश्य धूसर, लहान झाली की उजेड कमी आणि पुढचे-मागचे सारे स्पष्ट. लहान सेन्सरवर ३५ मिलिमीटरची लेन्स घरात, रस्त्यावर आणि माणसांत वावरण्यास योग्य ठरते; केवळ चेहरे टिपावयाचे असतील तर ५० ची घ्यावी. कॅननची ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्स १६० ग्रॅमची आहे आणि स्वस्तही. झूम नसल्यामुळे जवळ जायचे तर आपल्यालाच पावले टाकावी लागतात आणि कोठे उभे राहावे हे त्यातूनच कळू लागते.

मेगापिक्सेलची चिंता करू नये. चोवीस मेगापिक्सेलचे चित्र ६००० बाय ४००० बिंदूंचे असते आणि इंचाला ३०० बिंदू धरले तरी त्याची २० बाय १३ इंचांची प्रत निघते. आपल्यापैकी किती जणांच्या दिवाणखान्यात याहून मोठे चित्र लागणार आहे?

वापरलेला कॅमेरा घेताना रुग्ण तपासावा तसा तो तपासून घ्यावा. शटर किती वेळा चालले आहे ते विचारावे; या वर्गातले शटर साधारणपणे लाखभर वेळा चालेल असे धरतात. लेन्स काढून बॅटरीच्या प्रकाशात आरपार पाहावी. आत धुरकट डाग किंवा तंतू दिसले तर किंमत कितीही कमी असली तरी ती घेऊ नये. अॅपर्चर एफ १६ वर ठेवून निरभ्र आकाशाचे चित्र काढावे. काळे ठिपके उमटले तर सेन्सरवर धूळ आहे, जी साफ होते, आणि ओरखडा असेल तर तो मात्र जात नाही. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकांच्या बॉडीत फोकसची मोटर नसते, म्हणून मोटर असलेलीच लेन्स घ्यावी. मोटर असलेल्या अशा लेन्स पुढे मिररलेस घेतल्यावरही अॅडॅप्टर लावून वापरता येतात. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्सनाही अॅडॅप्टर मिळतो. यास्तव लेन्सवर केलेला खर्च वाया जात नाही. बिलाशिवाय स्वस्तात मिळणारा माल मात्र टाळावा, कारण त्याला येथील हमी लागू होत नाही.

सुरतेत कॅमेरा सांभाळणे हा स्वतंत्र विषय आहे. समुद्र जवळ, तापी गावातून वाहणारी आणि पावसाळ्यात हवेतला दमटपणा सतत चढलेला. बुरशीला आणखी काय हवे? कॅमेरा चामड्याच्या पिशवीत किंवा कपड्यांच्या कपाटात कधीही ठेवू नये. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवणारे ड्राय कॅबिनेट उत्तम. ते नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेल पुरते, फक्त जेल वेळोवेळी वाळवून घ्यावे. डुमसच्या किनाऱ्यावर किंवा मागांच्या खात्यात, जेथे सुताचे तंतू हवेत तरंगत असतात, लेन्स बदलू नये. एकच लेन्स असण्याचा हाही एक लाभ. आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे कॅमेरा नियमित वापरणे.

गवियर तलावावर हिवाळ्यात येणारे पक्षी पाहून अनेकांना लगेच लांब पल्ल्याची लेन्स घ्यावीशी वाटते. १५०-६०० मिलिमीटरच्या लोकप्रिय लेन्सचे वजन दोन किलोच्या आसपास असते. पहिला हिवाळा दुर्बीण घेऊन जावे. पक्षी कोठे बसतो, उजेड कोणत्या बाजूने येतो, उडण्यापूर्वी तो काय करतो, हे कळल्यावर लेन्सचा विचार करावा.

बालरोगतज्ज्ञ या नात्याने दोन गोष्टी सांगणे भाग आहे. पहिली फ्लॅशची. घरगुती छायाचित्रातल्या अधूनमधूनच्या फ्लॅशने बाळाच्या डोळ्यांना इजा होते ही भीती अनाठायी आहे. तरीही खिडकीचा उजेड आणि जमिनीवर बसून बाळाच्या नजरेच्या पातळीला आणलेला कॅमेरा यांनी चित्र अधिक चांगले येते. फ्लॅशमध्ये बाहुली लाल दिसते ती डोळ्याच्या मागील पडद्यावरून परतलेल्या प्रकाशामुळे. एखाद्या मुलाच्या छायाचित्रांत एका डोळ्याची बाहुली लाल न दिसता पांढरी दिसत असेल, तर विलंब न करता नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. कित्येकदा तो प्रकाशाच्या कोनाचा परिणाम असतो, पण त्यामागे मोतीबिंदू किंवा रेटिनोब्लास्टोमा हा कर्करोगही असू शकतो. तो बहुधा पाच वर्षांच्या आतील मुलांत आढळतो आणि वेळेवर उपचार झाल्यास मूल वाचते. आईवडिलांनी ही खूण प्रथम छायाचित्रात पाहिल्याची उदाहरणे वैद्यकात पुष्कळ आहेत.

दुसरी गोष्ट आपल्या व्यवसायबंधूंसाठी. ‘दवाखान्यातही उपयोगी पडेल’ या सबबीवर कॅमेरा घेऊ नये. रुग्णाची ओळख पटेल असे छायाचित्र त्याच्या परवानगीवाचून प्रसिद्ध करता येत नाही, असे भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारनियम स्पष्ट सांगतात. रुग्ण लहान मूल असते तेव्हा परवानगी पालक देतात. मूल स्वतः काहीच म्हणू शकत नाही. आजारी मुलाचा चेहरा कितीही बोलका असला तरी तो आपल्या छंदाचा विषय नव्हे. छंदाचा कॅमेरा वॉर्डाच्या दाराबाहेर ठेवावा.

मग विषय कोणते? फाळक्यांच्या कुंडीपासून आरंभ करावा आणि हळूहळू गल्लीत उतरावे. उत्तरायणाला गच्चीवर शटर एक हजारांश सेकंदावर ठेवून पतंग टिपावे आणि त्याहून अधिक लक्ष फिरकी धरलेल्या हातांकडे द्यावे. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्या खानदेशी बांधवांच्या घरी कानबाई बसते. धुळे, जळगाव, नंदुरबारहून कापडधंद्याच्या निमित्ताने आलेली ही कुटुंबे लिंबायत, उधना या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. त्यांच्या पहिल्या पिढीतील माणसे आता थकली आहेत. लूम चालवून ज्यांचे कान बधिर झाले, ज्यांनी एका खोलीत चार भावंडे वाढविली, त्यांची लग्नातली एखाद-दुसरी प्रत सोडली तर छायाचित्रे नाहीत. त्यांच्या नातवंडांना मी लस देतो, आणि बाळाला मांडीवर घेऊन बसलेल्या आजीकडे पाहताना मनात येते, की हा चेहरा कुणीतरी तिच्या अनुमतीने, तिच्या घरी जाऊन, खिडकीच्या उजेडात निवांत टिपला पाहिजे. त्याला तीन लाखांची सामग्री लागत नाही. तासभर वेळ लागतो आणि आपल्यापाशी टंचाई त्याचीच आहे.

या कामाला मुदत आहे. कॅमेरे पुढील वर्षी आणखी चांगले निघतील, पण ही आजी तेव्हा असेलच याची शाश्वती नाही. कोणता कॅमेरा घ्यावा या विचारात दोन वर्षे घालविणाऱ्या मित्रांना माझे हेच सांगणे असते.

आपल्या मंडळास एक सूचना करावीशी वाटते. ज्या सभासदांना या छंदाची ओढ आहे त्यांनी यंदा एक साधा कॅमेरा आणि एक लेन्स घ्यावी. पुढील वार्षिक संमेलनात प्रत्येकाने आपली फक्त बारा छायाचित्रे कागदावर छापून आणावी. पूर्वीच्या अॅग्फा क्लिक थ्रीच्या एका रोलमध्ये बाराच चित्रे निघत, हे ज्येष्ठांना स्मरत असेल. स्पर्धा नको, पारितोषिके नकोत. चित्रात ज्यांचे चेहरे आहेत त्या मंडळींना मात्र आग्रहाने बोलवावे आणि संमेलन संपल्यावर त्या प्रती त्यांच्याच हाती द्याव्या. कार्यकारिणीने यावर विचार करावा, ही नम्र विनंती.